गोदाआत्या तिसऱ्या पायरीवर

"टीचर, फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मग ग्रूप फोटोत ते प्रत्येकाचं पुरतं कमी होतं, की सगळ्यांत वाटून जातं?"

हा प्रश्न सायन्सच्या तासाला उभं राहून विचारून दाखव, म्हणून अलमेलू आणि गोमती या वर्गमैत्रिणींनी पंकजाला डिवचलं होतं. अलमेलूला खात्री होती की ती तोंड उघडणार नाही. गोमतीला खात्री होती की उघडेल आणि लगेच वर्गाबाहेर जाईल. दोघींचंही चुकलं. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देताना जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती पंकजा आता राहिली नव्हती. यंदा शाळेच्या नाटकात तिला राजा करायला मिळाला होता, आणि नाटक संपल्यावर तिनं मिशा उतरवल्या तरी राजेपण उतरवलं नव्हतं.

टीचरनी खडू खाली ठेवला. "ग्रूप फोटोत फक्त टीचरचं आयुष्य कमी होतं," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. मग त्या जरा मऊ झाल्या. "अंगावर पडलेला उजेड उडून जातो. तो उडालेला उजेड कॅमेरा पकडतो. आपण टाकलं तेवढंच तो उचलतो. बस खाली."

पंकजा खाली बसली. पैज जिंकली होती, पण तिनं टीचरचं उत्तर वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. कारण प्रश्न गमतीचा नव्हताच. घरी कॅमेरा आला होता.

तो आणला सुंदरमामांनी. मामा मद्रासला एका जर्मन कंपनीत होते. लढाई जाहीर झाली तशी सरकारनं त्यांच्या साहेबाला छावणीत नेऊन ठेवलं, आणि जाता जाता साहेबानं आपला कॅमेरा मामांच्या हाती दिला, नीट सांभाळ म्हणाला. मामांनी तो जेमतेम आठवडाभर सांभाळला. मग मद्रासेत पोलीस फार, असं कारण काढून ते कुंभकोणम्‌ला बहिणीकडे आले. एका दुपारी त्यांनी पंकजाला तो उघडायला, मिटायला आणि चालवायला शिकवला. "नवरात्रात तुमच्या कोलूचा, पायऱ्यांवर मांडलेल्या सगळ्या बाहुल्यांचा, एक फोटो काढून पाठव, म्हणजे यंत्र ठीक आहे असं साहेबाला कळवता येईल," असं सांगून ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. येताना खांदे पडलेले होते, जाताना माणूस अगदी हलका दिसत होता.

पंकजाचे वडील गोपालकृष्णराव मुन्सफ कोर्टात शिरस्तेदार. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते बाजारातून वांगंसुद्धा आणत नसत. त्यांनी कॅमेऱ्याची रीतसर सुनावणी घेतली. बचावाची बाजू पंकजानं मांडली.

"अप्पा, घडी घातली की हा तुमच्या कोटाच्या खिशात मावतो. कळ दाबली की भाता पुढे येतो. फिल्म एवढी रुंद की फोटो मोठा करायला नको, मिशीतला केस अन् केस मोजावा. आणि ही बाजूची खिडकी बघा. हिच्यातून माणूस दोन दोन दिसतो. हे चाक फिरवत गेलं की ती दोन रूपं सरकत सरकत एकमेकांवर येतात. एक झाली की अंतर बरोबर जमलं."

"आता दोष सांग."

"एका रिळात आठच फोटो," पंकजा जरा हळू आवाजात म्हणाली. "आपण बघतो एका खिडकीतून आणि कॅमेरा बघतो दुसऱ्याच भिंगातून. भिंगावरचं झाकण राहिलं तरी आपल्याला कळत नाही. आणि एक फोटो झाला की फिल्म हातानं पुढे सरकवायची. पाठीवर ही लाल काचेची टिकली आहे ना, तिच्यात पुढचा आकडा येईपर्यंत. विसरलं तर कॅमेरा आठवण करत नाही."

"म्हणजे आमच्या कारकुनांसारखाच," अप्पा म्हणाले. "सांगावं तेवढंच करतो, आणि चूक झाली की गप्प बसतो." पण निकाल कॅमेऱ्याच्या बाजूनं लागला.

एकट्या गोदाआत्याला निकाल मान्य नव्हता. गोदाआत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची, आणि पंकजाला तिनंच वाढवलं होतं. तिनं त्या बाजूच्या खिडकीला डोळा लावला. समोर पंकजाची आई, अंबाबाई, भाजी चिरत होती. आत्याला दोन अंबाबाई दिसल्या. पंकजानं चाक फिरवलं, एक उरली.

"दुसरी कुठें गेली?" आत्यानं विचारलं.

"कुठे जाईल? ती पहिलीत मिळाली."

"मिळाली म्हणजे काय गे? आतां होती. तुज ठाऊक नाहीं ती कुठें गेली, आणि तूं माझा फोटो काढतें म्हणतेस?"

अंबाबाईनं विळी बाजूला सारून स्वतःचे दोन्ही हात एकदा चाचपून बघितले.

पण टीचरचं उत्तर घेऊन पंकजा शाळेतून आली ती थेट आत्यापाशी. आपण टाकलेलंच तो उचलतो, हे तिनं तीन-चार तऱ्हांनी समजावलं.

"टाकलेलें?" आत्या म्हणाली. "टाकलेलें लुगडेंही मी भांडीवालीस फुकट देत नाहीं." मग तिनं फुलं ओवून हार पुरा केला. "त्यांचा एकही फोटो नव्हता," ती हार बघतच म्हणाली. "आतां चेहरा आठवूं गेलें तर नाकापर्यंत येतो नि पुढें येत नाहीं. काढ. पण एकच. आणि मज हसायला सांगूं नको."

चौकात ऊन चांगलं होतं. पंकजानं तिला पाटावर बसवलं. खिडकीत दोन आत्या आल्या, सरकल्या, एक झाल्या. नेमक्या त्याच वेळी, न सांगता, आत्या थोडीशी हसली. कळ दाबली गेली.

आता टिकलीत बघून फिल्म पुढे सरकवायची. पंकजाचा हात तिकडे गेलाही होता. तेवढ्यात पुढच्या दारातून शेजारचे अप्पाराव आत आले. ते पेन्शनीत निघाल्यापासून जगाची काळजी करत, आणि लढाई लागल्यापासून त्यांना त्यासाठी दिवस पुरत नसे.

"गोपालकृष्णराव, ही जर्मन वस्तू घरात कशी?" ते खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा. "शत्रूचा माल आहे हा. सरकारी नोकर तुम्ही. मेलकावेरीला जा, नदीला पाणी आहे तोवर सोडून द्या. नाहीतर परसात पुरा. पण माझ्या भिंतीपासून लांब."

अप्पांचा चेहरा पिठासारखा झाला. नोकरी, पेन्शन आणि इभ्रत अशी तिन्ही त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक जाताना पंकजाला दिसली. "पुरायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "आपण होऊन ठाण्यावर दाखवून येऊ." आणि मागच्या वेळी भात्यात अंगठा चिमटला असल्यामुळे उघडायला त्यांनी पंकजाला बरोबर घेतलं. शिरस्तेदाराची मुलगी पोलीसठाण्यावर गेली, ही बातमी ते दोघं ठाण्यावर पोचायच्या आधी शेजारच्या दारासुरम्‌पर्यंत पोचली म्हणतात.

ठाण्यावरचा रायटर, म्हणजे नोंदी लिहिणारा हवालदार, भल्या थोरल्या मिशांचा. त्यानं तमिळमध्ये सावकाश विचारलं, "याचा उपयोग?"

"फोटो काढतो," अप्पा म्हणाले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण अर्धं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "आणि अंतर मोजतो."

रायटरची लेखणी थांबली. "कशाचं अंतर?"

"समोर जे असेल त्याचं."

"तोफखान्यात असतं तसं?"

अप्पांनी घसा साफ केला. "तत्त्व तेच असावं," ते म्हणाले. पंकजानं त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"किती लांबपर्यंत मोजतो?"

अप्पांनी चष्मा लावून चाकावरची खूण वाचली. आडव्या आठासारखी होती. "चार फुटांपासून अनंतापर्यंत."

"अनंतात कलेक्टरसाहेबांचा बंगला येतो का?"

यावर अप्पांना प्रामाणिकपणे नाही म्हणता येईना. दोन शिपाई उठून दाराशी उभे राहिले. राजाच्या भूमिकेत अशा प्रसंगी पंकजा तलवारीला हात घालत असे. इथे तिनं कॅमेऱ्याला घातला. "तुम्हीच बघा ना, ऐया," ती म्हणाली, आणि खिडकी शिपायाच्या डोळ्याला लावून त्याला रायटरकडे बघायला सांगितलं. शिपायानं बघितलं. "दोन रायटर आहेत," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "मिशा चार." मग चाक फिरलं आणि दोन मिशा नाहीशा झाल्या. रायटरनं आपल्या मिशांना हात लावला. हे यंत्र फार वेळ ठाण्यात ठेवण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत तिथेच झालं. त्यानं नोंद करून दोघांना घरी पाठवलं. नोंद अप्पांनी टेबलापलीकडून उलटी वाचली होती: भिंग एक, भाता एक, अनंत एक.

या धामधुमीत फिल्म सरकवायची राहिली. दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं, हत्यारं, वाद्यं देवीपुढे ठेवायची आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे काही सांगावं लागत नाही. अप्पांची कायद्याची पुस्तकं ठेवली गेली, पंकजाची वह्या-पुस्तकं, अंबाबाईची विळी, आणि ठाण्यावरून सुटून आल्यामुळे विशेष मानानं कॅमेरा. अंबाबाईनं सगळ्यांना गंध लावलं, कुंकू लावलं. कॅमेऱ्याला कपाळ कुठे असेल याचा तिनं थोडा विचार केला. पाठीवर मध्यभागी एक लाल टिकली आधीपासूनच होती. देवानंच जागा दाखवलीय म्हणून तिनं नेमकं तिच्यावर, चांगलं जाड गंध आणि त्यावर कुंकू टेकवलं.

विजयादशमीला पंकजानं कॅमेरा उचलला. रात्री कोलूतली एक बाहुली निजवायची की कोलू संपणार, तेव्हा फोटो सकाळीच हवा. खोलीत अंधार, म्हणून तिनं कायद्याच्या पुस्तकांची चळत करून कॅमेरा वर ठेवला आणि श्वास रोखून बराच वेळ भिंग उघडं ठेवलं. टिकलीकडे तिनं आधी बघितलं होतं. तिथे लाल दिसलं. लाल दिसायलाच हवं होतं. फिल्म ठाण्यावरून आल्यावर आपणच सरकवली असणार, असं तिच्या मनानं सांगितलं आणि तिनं ऐकलं. नंतर टिकली पुसून उरलेले फोटो तिनं अंगणात काढले.

थोड्या दिवसांनी फोटोवाले कृष्णमूर्ति स्वतः घरी आले. त्यांनी फोटो ओट्यावर ठेवले आणि कापी प्यायला नको म्हणाले. त्यांनी कापी नको म्हटल्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

कोलूचा फोटो वरून दुसरा होता. पायऱ्या स्वच्छ आल्या होत्या, राम, कृष्ण, लाकडी राजा-राणी, सगळं जागच्या जागी. आणि तिसऱ्या पायरीवर, चेट्टियार वाण्याच्या बाहुलीच्या दुकानासमोर, गोदाआत्या बसली होती. तिच्या पांढऱ्या लुगड्यातून मागचे डाळ-तांदळाचे ढीग दिसत होते. ती थोडीशी हसत होती.

"दोनदा उजेड पडलाय," कृष्णमूर्ति म्हणाले. "फिल्म सरकली नाही. होतं असं."

"धंद्याचा माणूस," ते गेल्यावर अप्पाराव म्हणाले. "भूत आहे असं तो म्हणाला, तर उद्या फोटो कोण काढून घेईल?"

गोदाआत्यानं फोटो हातात घेतला, बघितला, परत दिला. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळची कापी परत आली, दुसऱ्या सकाळची परत आली, मग भात परत यायला लागला. वैद्य म्हणाले, आजार कुठलाच नाही, पण हिनं असंच चालवलं तर आजाराची गरजही पडणार नाही. आणि मग एका सकाळी आत्यानं अंबाबाईला जवळ बसवून लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण सांगितलं. जे तिनं सख्ख्या बहिणींना सांगितलं नव्हतं, ते मोहरी-मेथीसकट सांगितलं. तेव्हा घर खरं घाबरलं. अंबाबाई स्वयंपाकघरात जाऊन पदराआड रडली.

पंकजानं घाबरत घाबरतच सगळं उलट क्रमानं आठवलं. ठाणं, पूजा, लाल टिकली, कुंकू. आठ फोटो मोजून काढले तरी रिळाच्या शेवटी एक जागा कोरी राहिली होती, ती कुठून आली ते आता कळलं. ती धावत आत्याच्या उशाशी गेली.

"आत्या, भूत नाही. आईनं कॅमेऱ्याच्या आकड्यावर कुंकू लावलं, म्हणून मला दिसलं नाही."

आत्यानं डोळे उघडले. "कुंकू कुणाचें?"

"देवीच्या पूजेचं."

"मग देवीनेंच झांकलें की." आपली घडी भरल्याची आत्याला आता पुरती खात्री पटली होती. "बरें केलेंस सांगितलेंस. मनांत थोडी शंका होती, ती गेली." आणि तिनं डोळे मिटले.

म्हणजे सांगून उपयोग नव्हता, करून दाखवायला हवं होतं. एखाद्या धडधाकट माणसाचं असंच भूत काढायचं आणि ते माणूस भुतासकट आत्यासमोर उभं करायचं. कृष्णमूर्तींनी लढाईआधीचं एक रीळ काढून दिलं, आपलं नाव सांगू नकोस एवढंच म्हणाले. आता फक्त माणूस हवा होता.

अलमेलूला पंकजानं शाळेच्या विहिरीपाशी विचारलं. "मी बसले असते गं," अलमेलू म्हणाली, "पण आमच्याकडे अक्काचं बाळंतपण आहे."

"ते अक्काचं. तुझं काय?"

"टीचरचं उत्तर मला पटलंय. गोमतीला नाही पटलेलं, तिलाच बसव."

गोमती तोवर गेटापाशी पोचली होती. अप्पारावांना जर्मनांची भीती वाटत नसे, असं ते नेहमी सांगत. पण त्यांना एकाएकी दारासुरम्‌ला एका विणकऱ्याकडे काम निघालं आणि ते छत्री विसरून गेले. उरले अप्पा.

"शास्त्र मला पटतं," अप्पा म्हणाले. "पूर्ण पटतं. पण आज मंगळवार."

"उद्या बुधवार आहे."

"उद्या कोर्ट आहे. शिवाय मी सरकारी माणूस. माझं भूत निघालं तर पेन्शनच्या वेळी हयातीचा दाखला कोण देईल?"

दुपारी पंकजा एकटीच चौकात, त्याच पाटासमोर उभी राहिली. सगळं तिला ठाऊक होतं. उजेड, फिल्म, टिकली, कुंकू. तरी बसायचं सोडून ती पाटाभोवती एक फेरी घालून आली. टीचर चुकत असल्या तर? दोघी एक होतात तेव्हा दुसरी कुठे जाते, याचं उत्तर टीचरनीही दिलं नव्हतं, कारण ते विचारायची हिंमत तिलाच झाली नव्हती. तिनं फोटो पुन्हा काढून बघितला. आत्या हसत होती. सांगितलं नसताना हसली होती, आणि तो हसरा चेहरा नाकापर्यंत नाही, पुरता आला होता. आतल्या खोलीत कपबशी परत जाताना वाजली.

पंकजा ओट्यावर आली. अप्पा कापीचा पितळी डबरा धरून बसले होते, पण पीत नव्हते. अंबाबाई शेजारी तांदूळ निवडत होती, म्हणजे निवडलेलेच परत निवडत होती.

"मी ठरवलंय," पंकजा म्हणाली. आवाज राजाचा काढला होता, पण मध्येच तो थरथरला. "उद्या सकाळी चौकात ऊन आलं की मी पाटावर बसणार. एकदा मी बसलेली, आणि मग त्याच फिल्मवर आपलं रिकामं दार. माझं भूत मी स्वतः काढून घेणार."

अंबाबाईच्या हातातून सूप निसटलं. "बिनलग्नाच्या मुलीचं भूत? कोण करील गे तुला?"

"भूत झालेली मुलगी ओट्यावर बसून इडली खाताना आत्यानं बघितली की आत्या उठेल. मग माझ्या लग्नाचं ती बघेल."

"आणि आलंच नाही भूत तर?" अप्पांनी विचारलं. आजवर या घरात भूत यावं म्हणून कुणी काळजी केली नव्हती.

आतून आत्याची खाट करकरली. मग बारीक, पण पूर्वीच्याच धारेचा आवाज आला. "गोपाळा, त्या पोरीस एकटीस नको बसवूं. तो मज घेऊन चुकला आहे, पुन्हा मीच जवळ बसलें तर त्यास नवें कांहीं मिळायचें नाहीं."

तिघंही दाराकडे वळली. दार रिकामं होतं, पण आत पावलं वाजत होती.

"बरं," पंकजा म्हणाली. आता तिचा आवाज थरथरत नव्हता, फक्त घाईत होता. "मी आणि आत्या, दोघी. नाही आलं तर पुन्हा बसू. रीळ आठ फोटोंचं आहे, येईपर्यंत काढू. अप्पा, कळ तुम्ही दाबायची. अंगठा भात्यापासून लांब ठेवायचा आणि दोन्ही वेळा कळ दाबून होईपर्यंत फिल्म अजिबात सरकवायची नाही. आणि आई, तू सकाळी न्हाऊन घे. पहिल्यासारखंच करायचंय सगळं. कॅमेऱ्याला कुंकू तूच लावायचंस."